डेस्कटॉपची रॅम वाढवताना: काय जुळायलाच हवं आणि काय जमवून घेता येतं

डेस्कटॉपमध्ये रॅम वाढवणं हे हाताने करायच्या कामांतलं सगळ्यांत सोपं काम आहे. झाकण उघडायचं, स्टिक म्हणजे रॅमची पट्टी स्लॉटमध्ये दाबून बसवायची, झाकण लावायचं. डोकं लागतं ते त्याच्या आधी, निवड करताना. समोर डीडीआर४, ३२००, सीएल१६, १आर×८, एक्सएमपी, अनबफर्ड अशी अक्षरं आणि आकडे येतात. यातलं काय चुकलं तर मशीन सुरूच होणार नाही आणि काय चुकलं तर काहीच बिघडणार नाही, हे नुसतं वाचून कळत नाही.

म्हणून मी या सगळ्या गोष्टींची विभागणी परिणामांवरून करतो. काही गोष्टी जुळल्या नाहीत तर स्टिक बसत नाही किंवा मशीन चालू होत नाही. तिथे तडजोड नाही. काही गोष्टी जुळल्या नाहीत तर सगळ्या स्टिक मिळून कमी वेगावर येतात आणि काम चालू राहतं. आणि काही बाबतींत वरवर सगळं ठीक दिसतं, पण चार दिवसांनी निळा स्क्रीन येतो किंवा फाइल खराब होते. लोक बहुतेक वेळ दुसऱ्या प्रकारच्या काळजीत घालवतात. खरी काळजी पहिल्या आणि तिसऱ्या प्रकाराची करायला हवी.

त्याआधी एक छोटी खात्री करून घ्या. रोजची सगळी कामं उघडी ठेवून विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘परफॉर्मन्स’ आणि मग ‘मेमरी’ पाहा. वापरातली रॅम सतत काठोकाठ भरत असेल तर ती वाढवल्याचा फरक लगेच जाणवेल. अर्धी रिकामी असेल तर मशीन संथ असण्याचं कारण दुसरीकडे आहे. बऱ्याचदा ते जुनी हार्ड डिस्क असतं. त्याच पानावर स्टिकचा सध्याचा वेग आणि किती स्लॉट वापरात आहेत हेही दिसतं. ते टिपून ठेवा.

जिथे तडजोड नाही

पहिली गोष्ट पिढी. डीडीआर३ २००७ च्या सुमारास आली, डीडीआर४ २०१४ मध्ये, आणि डीडीआर५ चं मानक २०२० मध्ये ठरलं. या पिढ्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. डीडीआर४ आणि डीडीआर५ दोन्हींना २८८ पिना असतात, लांबीही सारखीच, त्यामुळे हातात घेतल्यावर फरक चटकन दिसत नाही. पण खालच्या कडेची खाच वेगळ्या जागी असते. ती मुद्दाम तशी ठेवली आहे, चुकीची स्टिक बसूच नये म्हणून. स्टिक बसत नसेल तर जोर लावू नका. ती उलटी धरली आहे किंवा ती त्या मदरबोर्डची नाही.

आत वीजदाबही वेगळा आहे. डीडीआर३ ला १.५ व्होल्ट, डीडीआर४ ला १.२, डीडीआर५ ला १.१. शिवाय डीडीआर५ मध्ये वीजपुरवठा नियंत्रित करणारी चिप बोर्डावरून उचलून थेट स्टिकवरच बसवली आहे. त्यामुळे अडॅप्टर लावून एका पिढीची स्टिक दुसऱ्या पिढीच्या बोर्डात चालवण्याचा विचार सोडून द्या.

कुठली पिढी चालेल हे मदरबोर्ड आणि प्रोसेसर मिळून ठरवतात. रॅमशी बोलणारा मेमरी कंट्रोलर बरीच वर्षं प्रोसेसरच्या आतच असतो. एएमडीच्या बाबतीत हिशोब सरळ आहे: एएम४ सॉकेट असेल तर डीडीआर४, एएम५ असेल तर डीडीआर५. इंटेलच्या १२व्या, १३व्या आणि १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर मात्र दोन्ही ओळखतात आणि निर्णय बोर्डावर सोडतात. एकाच चिपसेटचे (म्हणजे बोर्डावरच्या मुख्य नियंत्रक चिपचे), जवळपास एकाच नावाचे दोन बोर्ड असतात. एक डीडीआर४ चा, दुसरा डीडीआर५ चा. म्हणून ‘माझा प्रोसेसर १२व्या पिढीचा आहे’ एवढ्या माहितीवर रॅम घेता येत नाही. बोर्डाचं पूर्ण मॉडेल नाव, शेवटच्या अक्षरासकट, लागतं. बोर्डावर छापलेलं नाव वाचा किंवा सीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. लिनक्सवर डीएमआयडीकोड ही कमांड तीच माहिती देते.

जुन्या मशीनवाल्यांसाठी एक बारकावा. डीडीआर३ आणि डीडीआर३एल दिसायला सारख्या, बसायलाही सारख्या. ‘एल’वाली १.३५ व्होल्टवर चालते आणि १.५ वरही चालते. साधी डीडीआर३ मात्र १.५ मागते. इंटेलच्या ६व्या पिढीचे काही बोर्ड डीडीआर३एल वापरतात; त्यांत साधी डीडीआर३ लावू नका. शंका असेल तेव्हा ‘एल’ असलेली घ्या.

दुसरी गोष्ट आकार. नेहमीच्या टॉवरमध्ये लांब स्टिक लागते, सुमारे १३३ मिलिमीटरची. पण मिनी पीसी आणि ऑल-इन-वन मशीनमध्ये बहुधा लॅपटॉपची, साधारण निम्म्या लांबीची सोडिम स्टिक असते. मशीन टेबलावरचं आहे म्हणून रॅम डेस्कटॉपचीच असेल असं धरून चालू नका. टास्क मॅनेजरमध्ये ‘फॉर्म फॅक्टर’ या ओळीत याचं उत्तर मिळतं.

तिसरी गोष्ट सर्वांत जास्त फसवते: रजिस्टर्ड मेमरी. सर्व्हरमधून काढलेल्या मोठ्या क्षमतेच्या स्टिक स्वस्तात मिळतात. त्यांवर मेमरी कंट्रोलर आणि चिप यांच्यामध्ये रजिस्टर नावाची आणखी एक चिप असते, आणि नेहमीच्या डेस्कटॉपचा कंट्रोलर तिच्याशी बोलू शकत नाही. डीडीआर४ मध्ये अशी स्टिक डेस्कटॉपच्या स्लॉटमध्ये व्यवस्थित बसते, पण मशीन सुरू होत नाही. डीडीआर५ मध्ये रजिस्टर्डची खाचच वेगळ्या जागी आहे, त्यामुळे निदान बसवतानाच कळतं. तुम्हाला हवी ती अनबफर्ड, म्हणजे ही रजिस्टर चिप नसलेली.

इथेच ईसीसीचाही घोळ होतो. ईसीसी म्हणजे चूक ओळखून दुरुस्त करणारी मेमरी. तिच्यात ६४ बिटांच्या जोडीला जास्तीचे बिट असतात. ती अनबफर्डही असते आणि रजिस्टर्डही. अनबफर्ड ईसीसी चालेल का, आणि चालली तर दुरुस्तीचं काम खरंच करेल का, हे बोर्ड आणि प्रोसेसरवर अवलंबून आहे. डीडीआर५ च्या जाहिरातीत ‘ऑन-डाय ईसीसी’ असं लिहिलेलं असतं. ती व्यवस्था चिपच्या आतल्या आत चालते. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेत झालेली चूक ती पकडत नाही. त्या शब्दांवरून पूर्ण ईसीसी मिळाली असं समजू नका.

चौथी गोष्ट क्षमतेची मर्यादा. बोर्डाच्या माहितीपत्रकात एकूण किती आणि एका स्लॉटला किती असं दोन्ही दिलेलं असतं. दोन स्लॉट आणि एकूण कमाल ३२ जीबी असेल तर एका स्लॉटमध्ये ३२ ची एकच स्टिक चालेलच असं नाही. अर्थ बहुतेक १६ अधिक १६ असाच असतो. प्रोसेसरची मर्यादा वेगळी पाहा, आणि दोन्हींतली लहान ती खरी धरा. ऑपरेटिंग सिस्टिम ३२ बिटची असेल तर विंडोजच्या घरगुती आवृत्त्या ४ जीबीपुढे जात नाहीत. तिथे आधी ६४ बिटची विंडोज घ्यावी लागते.

क्षमतेच्या आत आणखी एक गोष्ट लपलेली असते: स्टिकवरच्या एकेका चिपची घनता. इंटेलच्या ४थ्या पिढीपर्यंतच्या नेहमीच्या डेस्कटॉपना ४ गिगाबिटपर्यंतच्याच डीडीआर३ चिप कळतात (८ गिगाबिट म्हणजे १ जीबी). म्हणून त्यांना ८ जीबीची स्टिक हवी असेल तर ती १६ चिपची, दोन्ही बाजूंना आठ-आठ अशी असावी लागते. ८ गिगाबिटच्या आठच चिपांची ८ जीबी स्टिक तिथे चालत नाही. ‘फक्त एएमडीसाठी’ असं लिहून विकल्या जाणाऱ्या डीडीआर३ स्टिकही याच कुटुंबातल्या. त्यांची अंतर्गत मांडणी इंटेलच्या कंट्रोलरला मानवत नाही. जुनं मशीन वाढवणाऱ्यांना हीच ठेच सर्वाधिक लागते, कारण पिढी, वेग, क्षमता सगळं कागदावर जुळलेलं असतं. डीडीआर५ मध्ये २४ आणि ४८ जीबीच्या स्टिक आल्या तेव्हाही सुरुवातीच्या बोर्डांना त्या ओळखण्यासाठी नवं बायोस, म्हणजे मशीन सुरू करणारं बोर्डावरचं सॉफ्टवेअर, लागलं. म्हणून अशी क्षमता घेताना जुन्या स्टिकवर मशीन चालू असतानाच बायोस अद्ययावत करा.

जिथे जमवून घेतलं जातं

आता वेग. जाहिरातीत सगळ्यांत मोठ्या अक्षरांत असतो आणि जुळणीच्या दृष्टीने सगळ्यांत कमी धोक्याचा आहे. २६६६ च्या स्टिकशेजारी ३२०० ची लावली तर दोन्ही २६६६ वर किंवा त्याखालच्या सोयीच्या पायरीवर चालतील. सर्वांत सावकाश चालणारी स्टिक सगळ्यांची पायरी ठरवते. वेगवान स्टिक जळत नाही, खराब होत नाही. तिचा जास्तीचा वेग फक्त वाया जातो.

हा आकडा मेगाहर्ट्झ म्हणून लिहिला जातो, पण तो सेकंदाला होणाऱ्या देवघेवींचा आकडा आहे, दशलक्षांत. डीडीआर म्हणजे घड्याळाच्या एका ठोक्याला दोनदा देवघेव. त्यामुळे ३२०० च्या स्टिकचं घड्याळ प्रत्यक्षात १६०० मेगाहर्ट्झचं असतं. सीपीयू-झेडमध्ये १६०० दिसलं म्हणून फसवणूक झाली असं समजू नका, दोनने गुणा. काही स्टिकरवर पीसी४-२५६०० असाही आकडा असतो. ते ३२०० गुणिले ८ आहे, म्हणजे सेकंदाला किती मेगाबाइट. दोन्ही आकडे एकाच स्टिकचे.

सीएल हा आकडा लेटन्सीचा: मागणी केल्यावर किती ठोक्यांनी उत्तर सुरू होतं. नुसता लहान आकडा म्हणजे वेगवान असं नसतं, कारण ठोक्याची लांबीही बदलते. ३२०० सीएल१६ ला १० नॅनोसेकंद लागतात. डीडीआर५ च्या ६००० सीएल३० लाही बरोबर १० च. डीडीआर५ च्या ४८०० सीएल४० ला मात्र साडेसोळा नॅनोसेकंदांहून थोडे जास्त. हिशोब सोपा आहे: सीएलला २००० ने गुणा आणि वेगाच्या आकड्याने भागा. दोन स्टिकची तुलना करताना दहा सेकंदांचं काम आहे, आणि त्यातून जाहिरातीपेक्षा जास्त कळतं.

आता एक्सएमपी. प्रत्येक स्टिकवर एक छोटी चिप असते, एसपीडी. मशीन सुरू होताना बायोस तिच्यातून वाचतं की ही स्टिक कोणत्या वेगाला, किती व्होल्टवर चालते. जेडेक ही मानकं ठरवणारी संस्था; तिच्या मानकातले वेग आपोआप लागू होतात. त्यापुढचे वेग उत्पादक स्वतंत्र प्रोफाइलमध्ये लिहितो. इंटेलच्या पद्धतीत त्याला एक्सएमपी म्हणतात, एएमडीने डीडीआर५ साठी आणलेल्या पद्धतीला एक्स्पो. ही प्रोफाइल बायोसमध्ये जाऊन चालू करावी लागते. ३६०० ची डीडीआर४ स्टिक घेऊन टास्क मॅनेजरमध्ये २१३३ किंवा २६६६ दिसतं, ते बहुधा याच कारणाने.

यातून एक उपयोगी निष्कर्ष निघतो. कंपनीने जोडून विकलेल्या अनेक तयार डेस्कटॉपच्या बायोसमध्ये एक्सएमपीचा पर्यायच नसतो. तिथे ३६०० ची एक्सएमपी स्टिक तिच्या मूळ मानक वेगावर खाली येते, आणि तो २१३३ ही असू शकतो. त्यापेक्षा मानकातलीच, १.२ व्होल्टची साधी ३२०० सीएल२२ स्टिक घेतली, आणि प्रोसेसर-बोर्ड ३२०० पर्यंत जात असतील, तर ती काही न करता ३२०० वर चालते. दिसायला साधी स्टिक इथे महागड्या स्टिकहून जलद ठरते. तयार मशीनवाल्यांनी खोक्यावर ‘१.३५ व्होल्ट’ दिसलं की थबकावं. डीडीआर४ मध्ये तो आकडा सहसा एक्सएमपीची खूण असतो.

चिपसेटही वेगावर कुलूप लावतो. कोअर आय५-१०४०० हा प्रोसेसर बी४६० बोर्डावर असेल तर डीडीआर४ चा वेग २६६६ च्या पुढे जात नाही, एक्सएमपी असो वा नसो. अशा ठिकाणी वेगासाठी पैसे न मोजता तेच क्षमतेत घालावेत.

दोन स्टिक की एक

प्रोसेसरपासून रॅमकडे नेहमीच्या डेस्कटॉपमध्ये दोन चॅनल जातात. एकच स्टिक लावली तर एक चॅनल रिकामा राहतो आणि उपलब्ध बँडविड्थ निम्मी होते. रस्ता दुपदरी आहे आणि तुम्ही एकच पदर वापरताय, असा तो प्रकार. ग्राफिक्स कार्ड वेगळं नसेल तर याचा फटका मोठा बसतो, कारण अंगभूत ग्राफिक्स त्याच रॅममधून काम करतं. माझं मत स्पष्ट आहे: १६ ची एक घेण्यापेक्षा ८ च्या दोन घ्या, ‘पुढे वाढवू’ म्हणून एकावर थांबू नका. अपवाद एवढाच, की बोर्डाला दोनच स्लॉट आहेत आणि वाढवण्याचा बेत खरोखर जवळचा आहे.

चार स्लॉटच्या बोर्डात दोन स्टिक कुठे लावायच्या हे ठरलेलं असतं. बहुतेक बोर्डांत प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा, म्हणजे ए२ आणि बी२. शेजारी-शेजारी लावल्या तर अनेक बोर्डांवर दोन्ही एकाच चॅनलवर जातात. बोर्डाच्या पुस्तिकेत चित्र असतं, ते बघूनच बसवा.

८ च्या जोडीला १६ लावली तर? इंटेलच्या बऱ्याच मशीनमध्ये दोन्हींतले ८-८ जीबी दुहेरी चॅनलवर चालतात आणि उरलेले ८ एकेरीवर. वाईट नाही. रॅम कमी पडत असताना असमान जोडी ही रिकाम्या स्लॉटपेक्षा चांगलीच.

वरून ठीक, आतून कुरबुर

आता मिसळणीचा प्रश्न. जुनी स्टिक ठेवून नवी जोडली तर चालेल का? डीडीआर४ मध्ये, मानक वेगावर, बहुतेक वेळा चालते. वेगळ्या उत्पादकाची असली तरी चालते. अडचण एक्सएमपीला येते. रॅमच्या चिप मुख्यतः सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिघांकडून येतात, आणि स्टिक विकणारी कंपनी एकाच मॉडेल क्रमांकाखाली कधी या, कधी त्या चिप वापरते. म्हणजे तेच नाव, तोच आकडा पाहून दुसऱ्यांदा घेतलेली स्टिक आतून वेगळी असू शकते. प्रत्येक चिपच्या वेळांची गरज थोडी वेगळी, आणि एक्सएमपीच्या टोकाच्या वेगावर ती थोडी तफावतही पुरेशी होते.

दोन किंवा चार स्टिकचा संच उत्पादकाने एकत्र तपासलेला असतो. दोनचे दोन संच घेतले म्हणजे चारचा तपासलेला संच झाला, असं नाही.

डीडीआर५ मध्ये हा मुद्दा जास्त गंभीर आहे. वेग वाढला तसं एका चॅनलवर दोन स्टिक सांभाळणं कंट्रोलरला जड जातं. रायझन ७००० मालिकेच्या प्रोसेसरसाठी एएमडीने दिलेला अधिकृत वेग दोन स्टिकला ५२०० आहे, चार स्टिकला ३६००. एवढी मोठी उडी खाली! म्हणून डीडीआर५ च्या मशीनमध्ये १६ च्या दोन असताना आणखी दोन जोडण्यापेक्षा, त्या काढून ३२ च्या दोन लावाव्यात असं मी सांगेन. स्लॉट चार दिसतात म्हणून ते भरायलाच हवेत असं काही नाही.

रँक हा शब्दही इथेच कामाला येतो. ६४ बिटांची रुंदी पूर्ण करणारा चिपांचा एक गट म्हणजे रँक. ‘१आर×८’ म्हणजे ८ बिटांच्या चिपांचा एक गट, आठ चिपा. ‘२आर×८’ म्हणजे दोन गट, सोळा चिपा. ‘१आर×१६’ म्हणजे १६ बिटांच्या चारच चिपा. डीडीआर४ मध्ये या चार चिपांच्या स्टिक थोड्या मंद पडतात, कारण एकाच वेळी कामं वाटून घेणारे आतले विभाग त्यांत कमी असतात. क्षमता आणि वेग तोच असून एक स्टिक स्वस्त दिसली तर हा आकडा तपासा.

स्टिकर कसा वाचायचा

सर्वांत खात्रीचा मार्ग हा की आता लावलेली स्टिक काढून तिच्यावरची ओळ वाचायची. समजा तिथे रोमन अक्षरांत ‘८जीबी १आर×८ पीसी४-३२००एए-यूए२-११’ असं आहे. ८ जीबी ही क्षमता, १आर×८ ही रँक, पीसी४ म्हणजे डीडीआर४, ३२०० हा वेग. त्याच्या मागचं ‘एए’ वेळांचा मानक गट सांगतं. मग डॅशनंतरचं पहिलं अक्षर, ज्याकडे फारसं कुणी पाहत नाही: ‘यू’ म्हणजे अनबफर्ड लांब स्टिक, ‘एस’ म्हणजे सोडिम, ‘आर’ म्हणजे रजिस्टर्ड, ‘ई’ म्हणजे अनबफर्ड ईसीसी. जुन्या डीडीआर३ वर ‘पीसी३एल-१२८००यू’ असं असतं. तिथला ‘एल’ कमी व्होल्टचा आणि १२८०० म्हणजे १६०० चा वेग. ही एक ओळ जुळवली की पहिल्या गटातले बहुतेक प्रश्न मिटतात.

त्यानंतर बोर्डाच्या संकेतस्थळावरची तपासलेल्या स्टिकची यादी पाहा, तिला क्यूव्हीएल म्हणतात. यादीत नसलेली स्टिक चालणार नाही असा तिचा अर्थ नाही. उत्पादक सगळ्याच स्टिक तपासू शकत नाहीत. पण डीडीआर५ च्या मोठ्या वेगांसाठी, किंवा चारही स्लॉट भरायचे असतील तर, मी यादीतलीच घेण्याचा आग्रह धरेन. यादीत किती स्टिक लावून तपासलं याचा वेगळा रकाना असतो, तोही वाचा. प्रोसेसरवर उंच टॉवर कूलर असेल तर स्टिकवरच्या पत्र्याची उंची मोजा. उंच हीटस्प्रेडर कूलरच्या पंख्याखाली अडकतात.

बसवल्यावर

वीज बंद करून केबल काढा, पॉवर बटण काही सेकंद दाबून धरा, आणि केसच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज जाऊ द्या. खाच जुळवून दोन्ही टोकांना सारखा दाब द्या. कडेचा खटका आपोआप वर येऊन लागला पाहिजे. काही बोर्डांत तो एकाच बाजूला असतो. नवी रॅम लावल्यावर मशीन सुरू होत नसेल तर निम्म्या वेळा स्टिक पूर्ण आत गेलेली नसते, असं मी धरून चालतो आणि पहिलं तेच तपासतो.

डीडीआर५ असेल तर पहिल्यांदा चालू करताना स्क्रीन काही मिनिटं काळाच राहू शकतो. त्या वेळात कंट्रोलर प्रत्येक स्टिकशी वेळा जुळवत असतो. घाबरून बटण दाबू नका, थांबा. दहा-पंधरा मिनिटांनीही काही दिसलं नाही तर एकच स्टिक ए२ मध्ये लावून पाहा, मग दुसरी. त्यातून दोष स्टिकचा, स्लॉटचा की दोन्ही मिळून येणारा, हे वेगळं करता येतं.

विंडोजमध्ये पूर्ण आकडा दिसला म्हणजे काम झालं असं नाही. तिसऱ्या गटातल्या चुका तिथे दिसत नाहीत. मेमटेस्ट८६+ हे मोफत साधन पेन ड्राइव्हवरून चालवा आणि रात्रभर फिरू द्या. एकही चूक दिसली तर ती खपवून घेऊ नका. बिघडलेला एक बिटही फोटो, हिशोबाची फाइल किंवा बॅकअप गुपचूप खराब करू शकतो. चूक आली तर आधी एक्सएमपी बंद करून पुन्हा तपासा. तरीही आली तर एकेक स्टिक वेगळी तपासून दोषी कुठली ते शोधा आणि बदलून घ्या. एक्सएमपी बंद असताना सगळं स्वच्छ असेल तर वेग एक पायरी खाली आणून तिथेच ठेवा. हे सगळं दुकानाची परत घेण्याची मुदत संपायच्या आत, स्टिक हाती आल्याच्या पहिल्याच रात्री करा.